एका चाकाला माउंटन बाइक रेसमध्ये घ्यायचं का?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

   

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. प्रश्न असा आहे, की युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल चालवणाऱ्याला माउंटन बाइकच्या रेसमध्ये भाग घेऊ द्यायचा का? हो, तीच युनिसायकल, जी आपण सर्कशीत बघितली आहे. एक चाक, वर सीट, हँडल नाही. फरक एवढाच, की सर्कशीतला माणूस सपाट रिंगणात फिरतो आणि हे लोक ती डोंगरात चालवतात. दगड, मुळं, ओढे, उतार, सगळ्यावरून. या प्रकाराला माउंटन युनिसायकलिंग म्हणतात, आणि ते चालवणारे लाडाने नुसतं 'म्युनी' म्हणतात.

प्रश्न आला कुठून

गियरवरच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेल आला. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं स्वतःच शिकून युनिसायकल चालवतो, २९ इंची चाकाची. त्याने जवळच्याच एका हौशी माउंटन बाइक रेसला नाव दिलं. ३० किलोमीटरचा एकच मोठा लूप, कटऑफ चार तास. फॉर्ममध्ये सायकलचा प्रकार विचारला होता, तिथे त्याने सरळ 'युनिसायकल' लिहिलं. लपवलं काही नाही. आठवड्याभराने फोन आला, की तुमचं वाहन सायकलच्या व्याख्येत बसत नाही, फी परत करतो.

इथपर्यंत ठीक आहे. आयोजकाची रेस, आयोजकाचे नियम. पण पुढे तो माणूस म्हणाला, "तू ये मात्र नक्की. फ्लॅग-ऑफच्या आधी स्टेजसमोर पाच मिनिटं चालवून दाखव, पब्लिकला मजा येईल."

मुलाने मेलच्या शेवटी लिहिलंय, "दादा, मी रेसला अपात्र आणि करमणुकीला पात्र, हे कसं काय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा एपिसोड.

मी कुठल्या बाजूचा ते आधीच सांगतो. दिवसभर बॅकएंडचं काम करतो, शनिवार-रविवार माउंटन बाइक. सहा वर्षं झाली. मी दोन चाकांवाला आहे. युनिसायकलवर माझा आजवरचा विक्रम सोसायटीच्या पार्किंगमध्ये साधारण चाळीस फुटांचा आहे, तोही भिंतीचा आधार सुटल्यापासून मोजलेला. म्हणजे या मुलाला रेसमध्ये घेतलं, तर अरुंद वाटेवर त्याच्या मागे अडकणारा माणूस मीच असणार. त्यामुळे मी जे म्हणतोय त्यात माझाही स्वार्थ गुंतलेला आहे, तो लक्षात ठेवून ऐका.

आधी यंत्र समजून घेऊ

साध्या युनिसायकलमध्ये पेडल थेट चाकाच्या हबला जोडलेलं असतं. चेन नाही, गियर नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रीव्हील नाही. आपल्या सायकलवर उतार आला की आपण पाय थांबवतो आणि सायकल आपोआप पळते, तो कट-कट आवाज करत. युनिसायकलवर ते नाही. चाक फिरतंय म्हणजे पाय फिरणारच. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा.

आता गणित करू, सोपं आहे. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर. मिनिटाला ९० फेरे, म्हणजे सायकलस्वाराची नेहमीची चांगली लय. ९० गुणिले २.३ गुणिले ६० मिनिटं. उत्तर येतं ताशी १२.४ किलोमीटर. बस. एवढाच वेग. पाय १२० ने फिरवले, तर साडेसोळा. आणि तेही खडबडीत उतारावर तोल सांभाळत.

उलटं करून बघा. मी माझ्या बाइकवर बऱ्यापैकी मोकळ्या उतारावर ताशी ३० ने खाली येतो. तोच वेग युनिसायकलवर हवा असेल, तर मिनिटाला २१७ फेरे मारावे लागतील. म्हणजे अशक्यच म्हणा.

यावर उपाय काढलेले आहेत. एक म्हणजे मोठं चाक. ३६ इंची चाकाला ९० फेऱ्यांत ताशी साडेपंधरा मिळतात, पण तेवढं चाक घेऊन वळणावळणाच्या वाटेवर जाणं अवघड. दुसरा म्हणजे गियरचा हब. फ्लोरियन श्लुम्फ नावाच्या स्विस इंजिनिअरने असा हब बनवला, ज्यात टाचेने अ‍ॅक्सलवरचं बटण दाबलं की पायाच्या एका फेऱ्याला चाकाचे साधारण दीड फेरे होतात. चालत्या युनिसायकलवर टाचेने बटण दाबायचं! २९ इंचीवर मग ९० फेऱ्यांत सुमारे १९ चा वेग मिळतो. सपाट रस्त्यावर हे उत्तम, दगडधोंड्यांत मात्र पुन्हा खालच्या गियरवर यावंच लागतं.

ब्रेक असतो का? असतो. लिव्हर सीटच्या पुढच्या टोकाखाली असतो. एका हाताने सीटचं हँडल आणि ब्रेक धरायचा, दुसरा हात हवेत, तोल राखायला. लांब उतारावर ब्रेक हलकासा धरून ठेवतात, नाहीतर सगळा भार गुडघ्यांवर येतो. आणि पडतात कसे? बहुतेक वेळा पुढे, पायांवर, दोन-चार पावलं पळत. वेग कमी असतो आणि पायात अडकायला हँडल किंवा फ्रेम नसते, हा त्यातला फायदा.

चढावर काय होतं? चढावर फार फरक पडत नाही. आपण हौशी लोक तिथे ताशी सात-आठने रखडतो, युनिसायकलवालाही त्याच वेगाने येतो. खूप खडा चढ आला की तो उतरून ढकलतो. आपणही ढकलतोच की!

तर यंत्राचा सारांश असा: चढावर जवळपास आपल्याबरोबर, सपाटीवर थोडा मागे, उतारावर खूपच मागे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच अवलंबून आहे.

हा खेळ आहे की नुसती कसरत?

काही जण म्हणतील, चार हौशी लोकांचा हा छंद आहे, त्यावर एवढी चर्चा कशाला?

तर ऐका. अलास्कात सीवर्ड नावाच्या गावी जॉर्ज पेक १९८० च्या दशकातच डोंगर आणि समुद्रकिनारे युनिसायकलवर तुडवत होते. कॅनडाच्या क्रिस होमला १९८६ मध्ये बाराव्या वाढदिवसाला युनिसायकल मिळाली. पुढे त्याने जगभरचे डोंगर त्यावर पालथे घातले आणि १९९९ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, कारण बाजारातल्या युनिसायकली डोंगरात टिकतच नव्हत्या. मोडायच्या. २००७ मध्ये ब्रिटनच्या सॅम वेकलिंगने वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथ इथे २४ तासांत ४५३.६ किलोमीटर अंतर कापलं. एका चाकावर! आपल्यापैकी कितीजण दोन चाकांवर २४ तासांत एवढं करू शकतील? २००८ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात 'राइड द लॉबस्टर' नावाची ८०० किलोमीटरची युनिसायकल रिले रेस झाली. आणि १९८४ पासून 'युनिकॉन' नावाची त्यांची जागतिक स्पर्धा आहे. त्यात आता क्रॉस-कंट्री, अपहिल, डाउनहिल असे डोंगरातले प्रकारही असतात.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो: त्यांची स्वतःची स्पर्धा आहे ना, मग आपल्याकडे कशाला?

उत्तर अगदी व्यावहारिक आहे. स्पर्धा भरवायची तर ट्रेल आखावा लागतो, परवानगी लागते, मार्शल, डॉक्टर, टायमिंग चिप, पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स लागते. जिल्ह्यात युनिसायकल चालवणारे तीन लोक असतील, तर त्यांच्यासाठी हे सगळं कोण उभं करणार? जी रेस आधीच उभी आहे, तिच्यात एक नंबर मागणं एवढाच त्यांच्याकडे मार्ग उरतो.

'सायकल' कशाला म्हणायचं

त्या आयोजकाने व्याख्येवर बोट ठेवलं, तर व्याख्येकडेच जाऊ.

यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना. तिच्या नियमात सायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन, ज्याचं पुढचं चाक वळवता येतं आणि मागचं चाक पेडल-चेनच्या यंत्रणेने फिरतं. त्या हिशोबाने युनिसायकल बाद. विषय संपला?

नाही संपला. व्याख्या आकाशातून पडत नाही, माणसं ती कुठल्यातरी कारणासाठी लिहितात. १९३३ ची गोष्ट आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या माणसाने झोपून चालवायची सायकल बनवली, आज आपण जिला रिकम्बंट म्हणतो. फ्रान्सिस फोर हा काही अव्वल रायडर नव्हता. तो त्या सायकलवर पॅरिसच्या ट्रॅकवर उतरला आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. खळबळ माजली. १९३४ मध्ये यूसीआयने सायकलची व्याख्याच अशी घट्ट केली, की झोपून चालवायची सायकल बाहेर. आजही ती बाहेरच आहे.

म्हणजे तिथे वाहन बाहेर काढलं, कारण ते फारच वेगवान होतं. युनिसायकलबद्दल ती भीती कोणालाच नाही. ती घेऊन कोणी तुमचा पहिला नंबर पळवणार नाही, हे आपण मघाशीच गणिताने बघितलं.

आणि व्याख्या सैलही होते. पूर्वी दोन्ही चाकं सारख्याच व्यासाची हवीत असा नियम होता. २०१९ च्या सुमारास माउंटन बाइकसाठी तो सैल झाला. आज पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशी बाइक घेऊन मोठमोठे डाउनहिल रायडर रेस जिंकतात. इलेक्ट्रिक माउंटन बाइक आली, तेव्हा तिला नेहमीच्या रेसमध्ये न घुसवता वेगळा वर्ग दिला आणि २०१९ मध्ये तिची वेगळी जागतिक स्पर्धाही सुरू केली.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण. पुणे, मुंबई, नाशिकमधले कितीतरी जण बीआरएम करतात. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. तिथला नियम माहितीये? वाहन माणसाच्या ताकदीवर चालणारं हवं आणि एक मीटरपेक्षा रुंद नको. बाकी किती चाकं, कुठला आकार, काही बंधन नाही. वेळेत चेकपॉइंट गाठा, ब्रेव्हे घ्या. अर्थात बीआरएम ही रेस नाही, तिथे नंबर काढत नाहीत, हे मान्य. पण दार कोणासाठी उघडं ठेवायचं, हे चाकं न मोजताही ठरवता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

खरी अडचण उतारावर

म्हणजे मी त्या मुलाच्या बाजूने निकाल दिला का? थांबा. आयोजकाने दिलेलं कारण कच्चं होतं, पण त्याच्याकडे एक पक्कं कारण होतं, जे त्याने दिलंच नाही.

घाटात गाडी चालवली असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. भरलेला ट्रक उतारावर खालच्या गियरमध्ये, ब्रेक दाबत, हळूहळू उतरतोय. मागे गाड्यांची रांग. ट्रकवाल्याची काही चूक नाही, त्याने तसंच उतरायला हवं. पण रांगेतला एखादा वैतागतो, वळणावर ओव्हरटेक करतो आणि तिथे अपघात होतो. तोच ट्रक चौपदरी रस्त्यावर असता तर कोणाला जाणवलाही नसता.

डोंगरातली सिंगलट्रॅक म्हणजे तो घाट. वाट दीड-दोन फुटांची, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला झुडपं. युनिसायकलवाला तिथे ताशी आठ-दहाने उतरतोय आणि मागून बाइक पंचवीसने येतेय.

आमच्या क्षेत्रात एक गोष्ट शिकवतात. सर्व्हरचा सरासरी प्रतिसाद किती वेगवान आहे ते बघून खूश होऊ नका, सगळ्यात हळू प्रतिसाद किती हळू आहेत ते बघा, कारण युझर तिथेच शिव्या घालतो. रेसचंही तसंच. तो मुलगा ३० किलोमीटर ताशी ९ च्या सरासरीने गेला, तर तीन तास वीस मिनिटांत पोचतो. कटऑफ चार तास. कागदावर काहीच अडचण नाही. कितीतरी दोन चाकांवाले त्याच्या मागे असतील. पण ही सरासरी त्याचा उतार लपवते. जो दोन चाकांवाला त्याच वेळेत पोचतो, तो चढावर दमून मागे पडतो आणि उतारावर सुसाट येतो. म्हणजे हे दोघं दिवसभर एकमेकांना ओलांडत राहणार. चढावर हा पुढे, उतारावर तो मागून अंगावर. शेवटी दोघांची वेळ तीच, पण मधे दहा वेळा धोका.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. ते दुचाकी हे वाहनच नाही म्हणून नव्हे. वेगवेगळ्या वेगाची वाहनं एकाच रस्त्यावर एकत्र आली की धोका वाढतो, म्हणून. युनिसायकलबद्दल बोलायचं तर असं बोला. वेग, जागा, धोका. चाकांची संख्या नको.

माणूस विरुद्ध घोडा

हा प्रश्न सुटू शकतो, हे दाखवणारं माझं आवडतं उदाहरण सांगतो. वेल्समध्ये लानुर्टिड वेल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पबमध्ये वाद झाला, की लांब अंतरावर, डोंगराळ भागात माणूस घोड्याला हरवू शकेल का? त्यातून १९८० मध्ये रेस सुरू झाली. माणूस विरुद्ध घोडा, साधारण ३५ किलोमीटर. एकच वाट, एकच दिवस.

१९८५ ते १९९३ या काळात तिथे सायकलींनाही प्रवेश होता. १९८९ मध्ये टिम गूल्ड या माउंटन बाइकरने घोड्यांना हरवलं. पायी धावून पहिल्यांदा माणूस जिंकला तो २००४ मध्ये. त्याचं नाव ह्यू लॉब. बक्षिसाची रक्कम दरवर्षी हजार पौंडांनी वाढत २५ हजारांवर पोचली होती, ती त्याने नेली.

आता विचार करा. घोडा आणि माणूस यांच्यातला फरक दोन चाकं आणि एक चाक यांच्यातल्या फरकापेक्षा किती मोठा! घोडा अंगावर आला तर माणूस मरेल. तरी ही रेस चालते. कशी? त्यांनी घोड्यांना धावणाऱ्यांनंतर १५ मिनिटांनी सोडायला सुरुवात केली आणि ती वेळ हिशोबात धरली. म्हणजे सुरुवातीची चेंगराचेंगरी टळली. 'घोडा हा खेळाडू आहे का' यावर वाद घालत बसले नाहीत, स्टार्टची वेळ बदलली.

मग कुठे हो, कुठे नाही

आता माझं मत सरळ सांगतो. रेसमध्ये तीन गोष्टी असतात: प्रवेश, घड्याळ आणि नंबर. आपण त्या तिन्ही एकत्र करतो, म्हणून गोंधळ होतो. त्या वेगळ्या करा.

ऑलिम्पिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्रीत, म्हणजे छोट्या लूपवर अनेक लॅप असतात तिथे, युनिसायकल नको. तिथे यूसीआयचा ८० टक्क्यांचा नियम आहे. लीडरच्या पहिल्या लॅपपेक्षा ८० टक्क्यांहून हळू पडलात की बाहेर काढतात. लीडरचा लॅप १२ मिनिटांचा असेल, तर तुमची हद्द २१ मिनिटं ३६ सेकंद. दोन चाकांवाल्या कमी तयारीच्या रायडरलाही तिथे बाहेर काढतात, कारण लीडर मागून येऊन अडकायला नको. एका चाकाला तिथे वेगळा न्याय मागता येणार नाही. सगळे एकदम सुटतात अशा उतारावरच्या रेसमध्येही नको. तिथे तर जीवावरचा खेळ होईल.

पण हौशी लोकांची लांब पल्ल्याची रेस, एक मोठा लूप किंवा इथून तिथे, तिथे हो. अमेरिकेत कोलोरॅडोमधली लेडव्हिल रेस घ्या. १९९४ पासून चालते. १०० मैल, गावच मुळात ३१०० मीटर उंचीवर, सगळ्यात वरचा टप्पा जवळपास ३८०० मीटर. १२ तासांच्या आत पोचलात, तर पट्ट्याचं बक्कल मिळतं, नऊ तासांच्या आत पोचलात, तर मोठं बक्कल. बहुतेक लोक तिथे नंबरासाठी जातच नाहीत. बक्कलसाठी जातात, म्हणजे घड्याळाशी लढायला. १२ तासांत १०० मैल म्हणजे ताशी १३.४. साध्या २९ इंची युनिसायकलवर तेवढं हवं, तर बारा तास न थांबता, चढासकट, मिनिटाला ९७ फेरे. बघा, घड्याळच केवढी कडक परीक्षा घेतं! दारात पहारेकरी बसवायची गरजच काय? जो करेल तो करेल, नाहीतर चेकपॉइंटवर थांबेल, इतर शंभर जणांसारखा.

आयोजकांसाठी मी पाच ओळींचा नियम लिहिलाय. कोणाला वापरायचा असेल तर खुशाल वापरा.

एक, युनिसायकल शेवटच्या वेव्हमध्ये सुटेल. म्हणजे उतारावर वेगाने येणारे बहुतेक जण आधीच पुढे गेलेले असतील.

दोन, कटऑफ सगळ्यांना तोच. एक मिनिटही जास्त नाही.

तीन, चालणारा ब्रेक, हेल्मेट, गुडघ्या-नडगीचे आणि मनगटाचे गार्ड सक्तीचे. आदल्या दिवशी सगळ्यात अवघड उतार मार्शलसमोर उतरून दाखवायचा.

चार, उतारावर मागून हाक आली की पहिल्या सुरक्षित जागी बाजूला व्हायचं. गरज पडली तर उतरून. मागच्यानेही तेवढा धीर धरायचा, वळणावर घुसायचं नाही.

पाच, निकाल त्याच यादीत, वेळेसकट, कॅटेगरी वेगळी. जसं सिंगलस्पीडवाल्यांना किंवा टँडेमवाल्यांना बऱ्याच ठिकाणी देतात.

तीन शंका

पहिली शंका. जागा मर्यादित असतात, याला घेतलं तर एक दोन चाकांवाला बाहेर राहील. खरंय. म्हणून फी तीच, नोंदणीची रांग तीच किंवा लॉटरी तीच. वशिला नको, अडवणूकही नको.

दुसरी. आज युनिसायकल, उद्या कोणी स्केटबोर्ड घेऊन येईल, परवा किक-स्कूटर. येऊ दे की! आदल्या दिवशी तो उतार उतरून दाखवू दे. निकष लिहिलेला असला की यादी लिहावी लागत नाही. निम्मे लोक तो उतार बघूनच घरी जातील.

तिसरी शंका मला सगळ्यात जास्त पटते. ती म्हणजे लक्ष वेधून घेण्याची. एक युनिसायकलवाला आला की सगळे मोबाइल त्याच्याकडे वळतात. "अरे, दुसरं चाक कुठे विसरलास?" हा विनोद त्याला दिवसभरात पन्नास वेळा ऐकावा लागतो. आणि वर्षभर पहाटे उठून तयारी केलेली, एकविसावी आलेली बाई, तिचा एकही फोटो नाही. तिला राग आला, तर मी तिला दोष देणार नाही.

पण ही गर्दी कशामुळे होते? आपण त्याला तमाशा समजतो म्हणून. फ्लॅग-ऑफआधी पाच मिनिटं नाचवायला बोलावतो म्हणून. त्याला नंबर द्या, शेवटच्या वेव्हमध्ये उभं करा, निकालाच्या यादीत एक ओळ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणी मान वळवूनही बघणार नाही. आणि मला वाटतं, त्याला नेमकं तेच हवंय.

युनिसायकलवाल्यांना दोन शब्द

ऐकणाऱ्यांत कोणी युनिसायकलवाला असेल, तर तुम्हालाही सांगतो. फॉर्म भरण्याआधी आयोजकाला फोन करा. गेल्या चार राइडचं जीपीएस रेकॉर्ड पाठवा, चढ-उतारासकट. तुमचा उतारावरचा वेग किती, हे तुम्हीच आधी सांगा. नकार आला, तर मार्शल म्हणून एकदा जा, ट्रेल बघा, लोकांना ओळखू द्या. आणि सवलत मागू नका. "मला एकच चाक आहे, अर्धा तास जास्त द्या" असं म्हटलंत, की तुम्ही स्वतःच स्वतःला पाहुण्यांच्या रांगेत बसवलंत. तुमच्या वेळेला किंमत येते ती घड्याळ सगळ्यांना सारखं असतं म्हणूनच.

आणि आयोजक ऐकत असतील तर एवढंच. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमचा ट्रेल अरुंद असेल, ओव्हरटेकला जागा नसेल, मार्शल कमी असतील, तर तसं स्पष्ट सांगा. तो मुलगा इंजिनिअर होणारे, त्याला कारण कळतं. पण रेसला नाही म्हटलंत, तर मग स्टेजसमोर नाचायलाही बोलावू नका.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी रेस भरवत असेल, किंवा सिंगलट्रॅकवर कोणाच्या तरी मागे अडकून मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील, तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. माझं चुकतंय असं वाटत असेल तर तेही पाठवा, विरुद्ध बाजूच्या नोट्स पुढच्या वेळी आधी वाजवेन. पुढचा एपिसोड टायरमधल्या हवेवर. किती भरायची, आणि कमी भरली तर का बरं वाटतं. तोवर हेल्मेट घाला, मागून हाक आली तर बाजूला व्हा. भेटू!